गुंतवणूकदाराला फ्लॅट विकताना: काय सांगायचं, काय विचारायचं आणि सही कधी करायची

फ्लॅट विकायला काढला की सुरुवातीच्या फोनांमध्ये एक फोन हमखास असा येतो: "मी इन्व्हेस्टर आहे, ब्रोकरेज लागणार नाही, उद्या टोकन देतो." गडबड इथूनच सुरू होते. विकणारे आधी टोकन घेतात, मग पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सही करतात, त्यानंतर कागद शोधायला लागतात आणि वकिलाकडे जातात ते सगळ्यात शेवटी. खरा क्रम याच्या बरोबर उलटा आहे.

हा लेख महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेतल्या, स्वतःच्या नावावर असलेल्या फ्लॅटसाठी आहे. पागडीची खोली, म्हाडाचं किंवा झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर आणि शेतजमीन यांचे नियम वेगळे आहेत. तिथे हे टप्पे तसेच्या तसे लावू नका.

## आधी एक गोष्ट: कायदा कुणाला बोलायला लावतो

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ५५ विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वेगवेगळी कर्तव्यं घालून देतं. विकणाऱ्याला जो महत्त्वाचा दोष माहीत आहे आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही कळणार नाही, तो विकणाऱ्याने सांगायलाच हवा. दोष घराचा असो की मालकीहक्काचा. घेणाऱ्याने विचारलं तर मालकीची कागदपत्रं दाखवायची आणि व्यवहाराशी संबंधित प्रश्नांची उत्तरंही द्यायची.

घेणाऱ्यावरही एक बंधन आहे आणि ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. तुमच्या हक्काचं स्वरूप किंवा व्याप्ती याबद्दल त्याला असं काही माहीत असेल, ज्याने त्या हक्काची किंमत बरीच वाढते आणि जे तुम्हाला माहीत नसावं असं मानायला त्याच्याकडे कारण आहे, तर त्याने ते तुम्हाला सांगायला हवं. दोघांपैकी कुणीही हे कर्तव्य चुकवलं तर कलम त्याला कपटच म्हणतं.

पण हे बंधन तुमच्या हक्कापुरतंच आहे. "मेट्रोचं स्टेशन इथे येणार आहे", "तुमच्या सोसायटीकडे बिल्डरच्या ऑफर आल्या आहेत", "माझ्याकडे ९५ लाखांचं गिऱ्हाईक तयार आहे" ही माहिती त्यात बसवणं अवघड आहे. भारतीय करार अधिनियमाच्या कलम १७ नुसार नुसतं गप्प राहणं सहसा फसवणूक ठरत नाही. स्पष्ट प्रश्नाला जाणूनबुजून खोटं उत्तर देणं मात्र फसवणूक ठरतं, आणि त्यावर करार रद्द करून मागता येतो. म्हणून तुमच्या हातातलं खरं साधन म्हणजे लेखी प्रश्न. पुढचे बरेच टप्पे त्याच्याच भोवती आहेत.

ग्राहक कायदा किंवा रेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारा कायदा) पाठीशी आहे असं समजून राहू नका. रेरा मुख्यतः बिल्डरकडून घर घेणाऱ्यांसाठी आहे. एजंटची नोंदणीही नोंदणीकृत प्रकल्पातल्या विक्रीसाठी लागते, तीस वर्षं जुन्या इमारतीतल्या पुनर्विक्रीसाठी नाही. शिवाय तुम्ही विकणारे, म्हणजे गुंतवणूकदाराचे 'ग्राहक' नाही. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियासारख्या राज्याने २०२५ पासून घराचा करार करून तो पुढे विकणाऱ्या मधल्या माणसाला परवाना सक्तीचा केला आणि घरमालकाला करार रद्द करण्याचा हक्क दिला. तसं खास संरक्षण आपल्याकडे नाही. जे हवं ते करारात लिहून घ्यावं लागतं.

## टप्पा १: समोरचा नक्की कोण, ते ठरवा

'इन्व्हेस्टर' म्हणून येणारे तीन प्रकारचे असतात. पहिला खरोखर स्वतःच्या नावावर घर घेतो, भाड्याने देतो किंवा पुनर्विकास होईपर्यंत थांबतो. दुसरा तुमच्याशी किंमत बांधून घेतो, चार-सहा महिन्यांत चढ्या दराने गिऱ्हाईक आणतो आणि मधला फरक स्वतः ठेवतो. तिसरा असतो साधा एजंट, फक्त तसं सांगत नाही.

दुसऱ्या प्रकारचा व्यवहार मुळात बेकायदा नाही. पण तुम्ही पहिला समजून दुसऱ्याशी सही केलीत तर नुकसान तुमचं.

ओळखायची कसोटी सोपी आहे. त्याला सांगा, "तीस दिवसांत तुमच्या नावावर साठेखत (विक्रीचा करार) नोंदवू, मुद्रांक शुल्क तुम्ही भरा." मुंबईत हे शुल्क साधारण ६ टक्के आणि पुण्यात ७ टक्के पडतं. ज्याला घर घ्यायचं आहे तो दराची घासाघीस करेल, पण तयार होईल. ज्याला पुढे विकायचं आहे तो लगेच म्हणेल, "आधी एमओयू (साधा समजुतीचा करार) करू, रजिस्ट्रेशन नंतर बघू."

तपासा: पॅन, आधार आणि राहता पत्ता. कंपनी किंवा भागीदारी असेल तर सही करणाऱ्याला अधिकार देणारा ठराव. आणि हाच माणूस तुमच्याकडून ब्रोकरेजही मागतो का? मागत असेल तर त्या भागापुरता तो सेवा देणारा आणि तुम्ही ग्राहक, त्यामुळे ब्रोकरेजची पावती घ्याच.

## टप्पा २: कागद आधी, किंमत नंतर

किंमत बोलण्यापूर्वी ही फाइल लावून ठेवा:

१. बिल्डरपासून तुमच्यापर्यंतचे सगळे मूळ करार, मुद्रांक आणि नोंदणीच्या पावत्या, इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सारांश देणारा सरकारी उतारा).
२. शेअर सर्टिफिकेट. त्याच्या मागच्या बाजूला तुमच्या नावाची नोंद आहे का, तेही पाहा.
३. सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, मालमत्ता कराची आणि विजेची अलीकडची बिलं.
४. कर्ज असेल तर बँकेकडून बाकी रकमेचं पत्र. कर्ज फिटलं असेल तर ते फिटल्याचं पत्र आणि मूळ कागद. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.
५. घर वारसाने आलं असेल तर इतर वारसांची नोंदणीकृत हक्कसोडपत्रं किंवा न्यायालयाचे कागद.

पाचव्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त व्यवहार अडकतात. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागलं म्हणजे मालकी आली, असं नाही. बहिणीने तोंडी "मला काही नको" म्हटलं असेल तर तिची सही आत्ताच घ्या. गुंतवणूकदाराला ही फट सापडली तर तो व्यवहार मोडत नाही. तो सही करून घेतो आणि नंतर त्याच फटीवर बोट ठेवून किंमत पाडतो.

मूळ करार हरवला असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या आणि दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित प्रत काढा. हे सगळं टोकनच्या आधी.

सावधान: या टप्प्यात फक्त झेरॉक्स दाखवा. मूळ कागद "वकिलाला दाखवून आणतो" म्हणून कुणालाही नेऊ देऊ नका.

## टप्पा ३: तुम्ही सांगायचं ते लिहून सांगा

"जसं आहे तसं घेतलं" एवढ्या एका ओळीवर विसंबणं ही मोठी चूक आहे. माहीत असलेला दोष लपवला असेल तर ती ओळ फार काळ वाचवत नाही. करारासोबत एक परिशिष्ट जोडा आणि त्यात साध्या शब्दांत लिहा:

- गळती कुठे आहे, शेवटची दुरुस्ती कधी केली. नुसता रंग मारून झाकलेली ओल ही लपवलेल्या दोषाचं अगदी सरळ उदाहरण आहे.
- बाल्कनी आत घेतली, भिंत पाडली, बाथरूम सरकवलं असे बदल, आणि त्यांना परवानगी होती की नव्हती.
- इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) आहे का, जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे का.
- संरचनात्मक तपासणीचा अहवाल काय म्हणतो, महापालिकेची नोटीस आली आहे का. मुंबईत इमारत सी-वन वर्गात, म्हणजे धोकादायक म्हणून गणली गेली असेल तर ते सांगायलाच हवं.
- भाडेकरू, बँकेचा बोजा, सोसायटीशी किंवा भावंडांशी चालू असलेला वाद.
- पार्किंग कोणत्या कागदावर मिळालं आहे.

क्षेत्रफळाबाबत एक वेगळी सूचना. जुन्या करारात बहुतेक वेळा बिल्टअप (भिंतींसह) क्षेत्रफळ असतं आणि घेणारा कार्पेटवर (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर) बोलतो. स्वतः टेप लावून आकडा लिहून देऊ नका. "मूळ करारात नमूद केल्याप्रमाणे" एवढंच लिहा आणि घेणाऱ्याला मोजू द्या.

परिशिष्टाच्या प्रत्येक पानावर त्याची सही घ्या. पुढे "मला सांगितलंच नव्हतं" म्हणायला त्याला जागा उरत नाही. किंमत ठरल्यावर सहा आठवड्यांनी "गळती दिसली, चार लाख कमी करा" असा फोन येण्याची शक्यताही बरीच कमी होते.

## टप्पा ४: तुम्ही विचारायचं तेही लिहून विचारा

बहुतेकांकडून हा टप्पा सुटतो. ई-मेलवर किंवा साध्या पत्राने हे प्रश्न पाठवा आणि उत्तर लेखी मागा:

१. घर तुम्ही स्वतःच्या नावावर घेणार की पुढे कुणाला देणार?
२. या घरासाठी आत्ता तुमच्याकडे दुसरं गिऱ्हाईक आहे का? असेल तर कोणत्या किमतीला?
३. या सोसायटीत तुम्ही, तुमच्या घरातल्या कुणी किंवा तुमच्या कंपनीने आणखी फ्लॅट घेतले आहेत का, किंवा त्यांची बोलणी चालू आहेत का?
४. सोसायटीच्या पुनर्विकासाशी, एखाद्या विकासकाशी किंवा कार्यकारिणीतल्या कुणाशी तुमचा संबंध आहे का?
५. माझ्या मालकीहक्काबद्दल मला माहीत नसलेलं असं काही तुम्हाला कळलं आहे का?
६. पैसे कुठून येणार? कर्ज असेल तर कोणत्या बँकेकडून, मंजुरी मिळाली आहे का?

तिसरा आणि चौथा प्रश्न जुन्या इमारतीत सोन्याच्या किमतीचे आहेत. पुनर्विकासाची बोलणी चालू असताना एकच माणूस सोसायटीतले चार-पाच फ्लॅट गोळा करत असेल तर तुमच्या घराची किंमत आजच्या दराने ठरवण्यात अर्थ नाही.

पण फक्त त्याच्या उत्तरावर थांबू नका. साधी चौकशी करून जे कळलं असतं ते तुम्ही शोधलं नाहीत, तर फसवणुकीचा दावा कमकुवत होतो. गेल्या तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं सचिवांकडे लेखी मागा, सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे. पुनर्विकासाचा ठराव, प्रकल्प सल्लागाराची नेमणूक, विकासकांच्या ऑफर हे सगळं त्यात दिसतं. त्याच इमारतीतल्या अलीकडच्या विक्रीचे इंडेक्स टू नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहा. तिथे खरे आकडे मिळतात, तोंडी भाव नाही.

थांबा आणि तपासा: तो लेखी उत्तर द्यायला नकार देतो, किंवा "विश्वास नाही का?" असं विचारतो? तर टोकन घेऊ नका. खऱ्या खरेदीदाराला या प्रश्नांत अडचण वाटण्यासारखं काहीच नाही.

## टप्पा ५: विसारपावती, सगळ्यात घसरडी जागा

विसारपावती म्हणजे टोकन घेताना केलेला करार. "नोटरीच तर आहे, रजिस्टर कुठे केलंय" हा गैरसमज डोक्यातून काढून टाका. नोंदणी न झालेला करारही, करार झाला होता याचा पुरावा म्हणून करारपूर्तीच्या, म्हणजे "ठरल्याप्रमाणे घर विकायला लावा" अशा दाव्यात न्यायालयापुढे येऊ शकतो. मुद्रांक कमी पडला असेल तर दंड भरून तो दोष दूर करता येतो. आणि स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर करारपूर्तीचा आदेश देणं हा आता न्यायालयाच्या नुसत्या मर्जीचा भाग राहिलेला नाही. असा दावा सहसा तीन वर्षांच्या आत लावता येतो. महाराष्ट्रात या घरावर दावा चालू आहे अशी नोटीसही नोंदवता येते. ती एकदा नोंदली गेली की दुसरं गिऱ्हाईक जवळ फिरकत नाही. म्हणजे दोन लाखांच्या विसारावर ८० लाखांचं घर वर्षानुवर्षं अडकून पडू शकतं.

विसारपावतीत पुढच्या गोष्टी हव्यातच.

मुदत. तीस दिवस, फार तर पंचेचाळीस. त्या आत नोंदणीकृत साठेखत झालं नाही तर पावती आपोआप रद्द, वेगळ्या नोटिशीची गरज नाही. तारीख आकड्यात लिहा. "कागदपत्रं पूर्ण झाल्यापासून ३० दिवस" असं लिहिलं की ते तीस दिवस कधी सुरूच होत नाहीत.

नामनिर्देशन. मसुद्यात "खरेदीदार अथवा त्याने नामनिर्देशित केलेली व्यक्ती" हे शब्द शोधा आणि खोडा. कराराने मनाई केली नसेल तर खरेदीचा हक्क सहसा दुसऱ्याला देता येतो. म्हणून त्या जागी लिहा: "विकणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय हा हक्क कुणालाही देता येणार नाही."

विसार की आगाऊ रक्कम. व्यवहार त्याच्यामुळे मोडला तर किती रक्कम जप्त होईल आणि तुमच्यामुळे मोडला तर किती परत द्यायची, हे स्पष्ट लिहा. नुसतं 'अ‍ॅडव्हान्स' लिहिलं तर ती रक्कम ठेवून घेणं कठीण जातं.

दिलेली उत्तरं. टप्पा ४ मधली त्याची उत्तरं पावतीत उतरवून घ्या: "खरेदीदाराने पुढील बाबी खऱ्या असल्याचे सांगितले असून त्यावर विसंबून विकणाऱ्याने ही किंमत मान्य केली आहे." यातलं 'विसंबून' हे पद गाळू देऊ नका.

तो पुढे विकणार आहे हे माहीत असूनही तुम्हाला व्यवहार करायचा असेल, तर अवश्य करा, पण उघड्यावर. समजा तुमची किंमत ८० लाख आहे आणि त्याने आणलेलं गिऱ्हाईक ९५ लाख देणार आहे. करारात तुमच्या नावावर ९५ लाख मिळाल्याचं लिहिलं आणि वरचे १५ लाख त्याच्याकडे गेले, तर आयकर खात्याच्या नोंदीत ९५ लाख तुमचेच दिसतात आणि भांडवली नफ्याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. म्हणून त्याला करारात संमती देणारा पक्ष म्हणून घ्या आणि कुणाला किती रक्कम, कोणत्या खात्यातून गेली हे करारातच लिहा. सही करण्याआधी हा भाग सीएला दाखवा.

## टप्पा ६: कुलमुखत्यारपत्र आणि चावी देऊ नका

"तुम्हाला सारखं यायला नको म्हणून पॉवर (कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार) द्या" हे वाक्य तुमच्या काळजीपोटी म्हटल्यासारखं वाटतं. पण मोबदला घेऊन दिलेलं, ज्यात अधिकार मिळणाऱ्याचा स्वतःचा हितसंबंध आहे असं कुलमुखत्यारपत्र मनात येईल तेव्हा मागे घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात सांगितलं की कुलमुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र यांच्या जोडणीने मालकी जात नाही. म्हणजे कागदोपत्री मालक तुम्हीच राहता, कराच्या आणि सोसायटीच्या नोटिसा तुम्हालाच येतात, आणि घर मात्र तिसऱ्याच्या ताब्यात. शिवाय महाराष्ट्रात परक्या माणसाला विक्रीचा अधिकार देणाऱ्या मुखत्यारपत्रावर खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं. पाचशे रुपयांची सवलत जवळच्या नातेवाइकांसाठी आणि विनामोबदला असेल तरच आहे.

परदेशात राहणाऱ्यांनी मुखत्यारपत्र द्यावं ते भावाला, बहिणीला, आईवडिलांना. खरेदीदाराला किंवा एजंटला नाही.

चावीचंही तेच. "रंगकाम सुरू करतो" म्हणून ताबा गेला आणि नोंदणीकृत साठेखत हातात असलं, की तो मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३-अ चं, म्हणजे ताबा काढून घेऊ नये असं संरक्षण मागू शकतो. ताबा शेवटचा रुपया खात्यात आल्यावरच.

## टप्पा ७: पैसे आणि नोंदणीचा दिवस

स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका. जेवढी रोख घेतली तेवढाच दंड लागू शकतो, आणि तो रोख घेणाऱ्याला म्हणजे तुम्हाला. रेडीरेकनरपेक्षा (सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा) किंमत फार कमी दाखवू नका. फरक १० टक्क्यांच्या पुढे गेला तर तुमचा नफा रेडीरेकनरच्या किमतीवर मोजतात.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. तो तुमच्या कर नोंदीत दिसेपर्यंत पाठपुरावा करा. तुमचं पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर कपात बरीच मोठी होते, म्हणून ते आधीच तपासा. तुम्ही अनिवासी असाल तर १ टक्क्याचा नियम लागत नाही, कपात खूप जास्त असते. कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून व्यवहाराआधीच काढून ठेवा.

दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्याच्या सकाळी हा क्रम पाळा:

१. करारातल्या पैशांच्या तक्त्यातला प्रत्येक आकडा बँकेच्या नोंदीशी जुळवा.
२. शेवटची रक्कम आरटीजीएसने घ्या आणि ती स्वतःच्या खात्यात पाहा. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट चालणार नाही.
३. मग अंगठा आणि सही.
४. मग मूळ कागद आणि चावी, आणि ताबा पावतीवर त्याची सही.

सावधान: पुढच्या तारखेच्या चेकांवर "संपूर्ण मोबदला मिळाला" असं लिहून देऊ नका. किंमत पूर्ण मिळाली नाही एवढ्या कारणाने नोंदलेलं खरेदीखत रद्द होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तुमच्या हातात उरतो तो वसुलीचा दावा. चेक परतलाच तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवा. ती मुदत चुकली की त्या परतीवर फौजदारी तक्रार करता येत नाही.

## टप्पा ८: विकल्यानंतरचे दोन महिने

फ्लॅट विकण्यासाठी सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र) आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार, सक्तीची नाही, सचिवांना १५ दिवसांची सूचना द्यावी लागते. मात्र घेणारा कर्ज काढत असेल तर बँक ती मागते. महापालिका हद्दीत हस्तांतरण शुल्काची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. 'विकास निधी' किंवा 'ऐच्छिक देणगी' म्हणून त्यावर मागितलं तर मागणी लेखी द्यायला सांगा.

नामांतर खरेदीदाराच्या हातात सोडू नका. तो ते लांबवतो, कारण त्याला पुढे विकायचं असतं, आणि तोवर देखभालीची बिलं तुमच्या नावावर चढत राहतात. हस्तांतरणाचे अर्ज नोंदणीच्या आठवड्यातच दोघांच्या सह्यांनी द्या आणि पोच घ्या. वीज मीटर, गॅस आणि मालमत्ता कराच्या नोंदीवरचं नाव बदलल्याचंही स्वतः पाहा.

नफ्यावरचा कर वाचवायला दुसरं घर घेणार असाल आणि विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत ते ठरलं नसेल, तर रक्कम त्या मुदतीआधी बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवा. करसवलतीचे रोखे घ्यायचे असतील तर विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत.

खरेदीखताची प्रत, परिशिष्ट, प्रश्नोत्तरांचं पत्र आणि ताबा पावती एकाच फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल कुठे आहे ते घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.